उजेड नेमका कशाचा? : प्रस्तावना

ल्युमिनोमीटर एकच गोष्ट सांगतो : ठरलेल्या वेळात किती प्रकाश आला. त्या आकड्याचा अर्थ तो सांगत नाही. पेशी किती जिवंत आहेत, एखादं जनुक किती जोमानं काम करतंय, दोन प्रथिनं एकमेकांजवळ आली का, यांपैकी कशाचंही ते उत्तर असू शकतं. किंवा वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) टाकलेलं रसायन एन्झाइमशिवायच ऑक्सिजनशी संयोग पावत होतं, एवढंच त्यामागचं कारण असू शकतं. हा फरक प्रयोगाच्या मांडणीतच ठरून गेलेला असतो. आणि त्या मांडणीत ज्याचा सर्वांत कमी विचार होतो तो घटक म्हणजे सबस्ट्रेट : एन्झाइम ज्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि ज्यातून प्रकाश बाहेर पडतो तो रेणू.

प्रयोगशाळांमध्ये प्लाझमिड कोणता, प्रोमोटर कोणता, पेशी कोणत्या यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. सबस्ट्रेटबद्दल मात्र "मागच्या वेळी काय मागवलं होतं?" एवढंच विचारलं जातं. हा क्रम बदलायला हवा असं या पुस्तकाचं म्हणणं आहे, आणि ते मला मनापासून पटतं. सबस्ट्रेट निवडताना आपण प्रश्नच निवडत असतो. एका रेणूला एटीपी (पेशीचं ऊर्जाचलन) लागतं, दुसऱ्याला लागत नाही. एकाला पेशीचं आवरण ओलांडणं जड जातं, दुसरा आत शिरतो पण पेशीतले पंप त्याला बाहेर काढतात. एकाचा उजेड तासन्‌तास टिकतो, दुसऱ्याचा काही सेकंदांत ओसरतो. यातला प्रत्येक गुण शेवटच्या आकड्यात उतरतो, आपण त्याची दखल घेतली असो वा नसो.

या शास्त्राची सुरुवातच मुळी दोन घटक वेगळे करण्यातून झाली. १६६७ मध्ये रॉबर्ट बॉईल यांनी चमकणारं कुजकं लाकूड एका भांड्यात ठेवून त्यातली हवा काढून घेतली, तेव्हा उजेड मावळला. हवा आत सोडताच तो परतला. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून शतक होतं, पण त्याची गरज दिसून गेली. पुढचं मोठं पाऊल पडायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. फ्रान्सच्या राफाएल द्युब्वा यांनी १८८५ मध्ये उजेड देणारे भुंगे आणि १८८७ मध्ये खडकात बीळ करून राहणारा फोलास नावाचा शिंपला अभ्यासाला घेतला. थंड पाण्यात काढलेला अर्क थोडा वेळ चमके आणि विझे. गरम पाण्यातला अर्क चमकतच नसे. पण तो निववून विझलेल्या अर्कात मिसळला की उजेड पुन्हा येई. पहिल्यात एन्झाइम उरलं होतं आणि इंधन संपलं होतं. दुसऱ्यात इंधन टिकलं होतं आणि उष्णतेनं एन्झाइम निकामी झालं होतं. एन्झाइमला ल्युसिफरेज आणि इंधनाला ल्युसिफेरिन ही नावं द्युब्वा यांनीच दिली. इतक्या थोड्या साधनांत इतकी स्वच्छ मांडणी मी विज्ञानाच्या इतिहासात फार कमी ठिकाणी पाहिली आहे, आणि नव्या विद्यार्थ्यांनी ती एकदा कागदावर तरी करून पाहावी.

प्रिन्स्टनच्या ई. न्यूटन हार्वे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच पद्धत अनेक प्राण्यांवर वापरली आणि एकाचा ल्युसिफेरिन दुसऱ्याच्या ल्युसिफरेजमध्ये घालून पाहिला. बहुतेक वेळा काहीच झालं नाही. म्हणजे जीवदीप्ती ही एकच एक रासायनिक क्रिया नव्हे. निसर्गानं ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या रेणूंतून घडवली. आज आपण एकाच नळीत काजव्याचं आणि रेनिला या सागरी जिवाचं ल्युसिफरेज पाठोपाठ मोजतो, ते हार्वे यांच्या या 'काहीच झालं नाही'च्या आधारावर.

हे रेणू हाती येणं किती कष्टाचं होतं याची आज कल्पनाही येत नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम मॅकेलरॉय यांनी बाल्टिमोरच्या मुलांना पैसे देऊन काजवे जमवले. १९४७ मध्ये त्यांनी दाखवलं की काजव्याच्या विझलेल्या अर्कात एटीपी घातलं की तो पुन्हा उजळतो. १९५७ मध्ये त्याच प्रयोगशाळेत सुमारे १५,००० काजव्यांमधून अवघा ९ मिलिग्रॅम स्फटिकरूप ल्युसिफेरिन मिळाला. १९६१ मध्ये त्याची रचना आणि संश्लेषण जाहीर झालं, आणि तिथून पुढे ल्युसिफेरिनसाठी काजव्यांची गरज उरली नाही. जपानमध्ये ओसामु शिमोमुरा यांनी १९५६ मध्ये नागोयाला सायप्रिडिना या इवल्या सागरी कवचधारी जिवाचा ल्युसिफेरिन स्फटिकरूपात मिळवला. पुढे अमेरिकेत फ्रँक जॉन्सन यांच्याबरोबर फ्रायडे हार्बरच्या जेलीफिशमधून त्यांनी एक्वोरिन हे प्रकाश देणारं प्रथिन वेगळं केलं. तो शोधनिबंध १९६२ चा. त्याच कामात हिरवं प्रतिदीप्त प्रथिन सापडलं, ज्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं. जगाला ते प्रथिन आठवतं. प्रयोगशाळेच्या रोजच्या कामाला मात्र एक्वोरिनच्या आत दडलेला सिलेंटराझीन हा रेणूही तितकाच उपयोगी पडला.

नवख्या वाचकाच्या सोयीसाठी या क्षेत्राचा नकाशा असा मांडता येईल. पहिलं घराणं डी-ल्युसिफेरिनचं. सगळे काजवे आणि त्यांचे उजेड देणारे भुंगेकुळातले नातलग हाच रेणू वापरतात. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा किंवा पुरुषवाडीच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे आणि ज्याचं जनुक १९८५ मध्ये वेगळं केलं गेलं तो अमेरिकेतला फोटिनस पायरॅलिस यांचं इंधन एकच आहे. रंगातला फरक मुख्यतः एन्झाइम घडवतं. क्रिया दोन टप्प्यांची. आधी मॅग्नेशियमच्या साथीनं ल्युसिफेरिन एटीपीशी जोडला जातो, मग ऑक्सिजन येतो, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि उत्तेजित ऑक्सिल्युसिफेरिन शांत होताना प्रकाश सोडतो. खोलीच्या तापमानाला तो साधारण ५६० नॅनोमीटरचा, पिवळसर हिरवा असतो. ३७ अंशांवर तो ६१० च्या आसपास, तांबड्याकडे सरकतो. सजीव उंदरात हे पथ्यावर पडतं, कारण हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश मोठ्या प्रमाणात गिळतं. पूर्वी या क्रियेची प्रकाशक्षमता (दर रेणूमागे फोटॉन) ०.८८ मानली जाई आणि पाठ्यपुस्तकं ती कौतुकानं सांगत. २००८ च्या नव्या मोजणीत ती ०.४१ निघाली. तरीही ती मोठीच आहे.

एटीपीची अट हेच या घराण्याचं बळ आणि हीच मर्यादा. दूध डेअरीत किंवा रुग्णालयाच्या ऑपरेशन टेबलावर बोळा फिरवून स्वच्छता तपासतात ती याच जोरावर : उरलेल्या जिवंत किंवा सेंद्रिय मळाचं एटीपी उजेड देतं. पायरोसिक्वेन्सिंगमध्ये डीएनएची साखळी वाढताना सुटणाऱ्या पायरोफॉस्फेटचं एटीपी करून तेच मोजलं. तिथे नेहमीचा डीएटीपी वापरता आला नाही, कारण ल्युसिफरेज त्यालाही थोडंफार स्वीकारतं. म्हणून त्याचा गंधकयुक्त भाऊबंद घ्यावा लागला. सबस्ट्रेटच्या निवडीवर एक अख्खं तंत्र कसं अडून राहतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. उलट बाजूनं, औषध दिल्यावर पेशींचा उजेड कमी झाला तर जनुक थंडावलं की पेशी मरू लागून एटीपी घटलं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. कर्करोगाच्या गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी असतो, तिथेही हाच पेच.

दुसरं घराणं सिलेंटराझीनचं, आणि ते समुद्राचं आहे. रेनिला, गॉशिया, ऑप्लोफोरस अशा एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या सागरी जिवांची ल्युसिफरेजं हाच रेणू वापरतात. इथे एटीपी लागत नाही, मॅग्नेशियम लागत नाही, ऑक्सिजन पुरतो. त्यामुळे पेशीबाहेर, रक्तात, माध्यमात स्रवलेलं एन्झाइम मोजता येतं. प्रकाश निळा, रेनिलाचा ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे शरीराच्या खोल भागातून बाहेर यायला प्रतिकूल. आणि रेणू फार नाजूक. तो आपोआप ऑक्सिडीकृत होतो, आणि सीरममधलं अल्ब्युमिन ती क्रिया वाढवतं. सीरम असलेल्या माध्यमात ल्युसिफरेज नसलेल्या पेशीही थोड्या 'चमकतात' ते यामुळे. तो डीएमएसओत विरघळवून ठेवणं हा तर दिसायला निरुपद्रवी पण घातक उद्योग आहे. त्याला आम्लयुक्त इथेनॉल किंवा मिथेनॉल, अंधार आणि उणे ८० अंश लागतात.

सिलेंटराझीनची रासायनिक भावंडं पुष्कळ आहेत. एच नावाचं रूप एक्वोरिनसोबत कॅल्शियम मोजताना मूळ रेणूपेक्षा कितीतरी संवेदनशील ठरतं. ४००ए हे रूप प्रकाशाला सुमारे ४०० नॅनोमीटरपर्यंत खाली नेतं. दोन प्रथिनांमधली ऊर्जा-देवाणघेवाण पाहताना दाता आणि ग्राहक यांचे रंग त्यामुळे छान वेगळे पडतात, पण उजेड खूपच मंद होतो. आणि २०१२ मध्ये ऑप्लोफोरस या खोल समुद्रातल्या कोळंबीच्या ल्युसिफरेजपासून १९ किलोडाल्टनचं नॅनोल्युक घडवलं गेलं, तेव्हा त्याच्याबरोबर फ्युरिमाझीन हा नवा रेणूही घडवला. काजवा किंवा रेनिलाच्या ल्युसिफरेजच्या सुमारे १५० पट प्रकाश, शिवाय फ्युरिमाझीन सिलेंटराझीनपेक्षा जास्त टिकाऊ आणि कमी पार्श्वप्रकाशाचा. या शोधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे एन्झाइम आणि सबस्ट्रेट दोघांना एकमेकांसाठी घडवलं गेलं. काजव्याच्या घराण्यात हीच वाट अकाल्युमिन या रेणूनं चोखाळली : ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देणारी जोडी २०१८ मध्ये जपानी गटानं जाहीर केली आणि तिच्यामुळे मार्मोसेट माकडाच्या मेंदूतल्या पेशीही बाहेरून दिसू लागल्या. पण यकृतात अकाल्युमिनचा स्वतःचा पार्श्वप्रकाश दिसतो, आणि यकृताचा अभ्यास करणाऱ्याला त्याचा हिशेब ठेवावाच लागतो.

तिसऱ्या घराण्यात बाहेरून काही घालावंच लागत नाही. जिवाणूंचा लक्स जनुकसमूह फ्लेविन आणि लांब साखळीचं अल्डिहाइड वापरतो, आणि हे अल्डिहाइड बनवण्याची सोय त्याच जनुकसमूहात असते. १९९५ मध्ये जिवंत उंदराच्या शरीरातला साल्मोनेलाचा संसर्ग बाहेरून दिसला तो याच समूहामुळे. पाण्याची विषारता तपासतानाही चमकणाऱ्या जिवाणूंचा उजेड किती मंदावला हेच मोजतात. बुरशीच्या उजेडाचं कोडं सर्वांत उशिरा सुटलं : २०१५ मध्ये तिचा ल्युसिफेरिन ओळखला गेला, २०१८ मध्ये कॅफिक आम्लापासून निघणारी पूर्ण साखळी उलगडली आणि २०२० मध्ये ती तंबाखूच्या रोपांत बसवून आपोआप उजळणारी झाडं तयार झाली. भीमाशंकरच्या पावसाळी जंगलात रात्री चमकणाऱ्या लाकडामागेही बुरशीच असते. कोकण किनाऱ्यावर कधी कधी निळसर पेटणाऱ्या लाटांमागे मात्र एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट असतात. त्यांचा ल्युसिफेरिन हरितद्रव्याच्या जातकुळीचा आहे आणि प्रयोगशाळेत त्याचा वापर जवळजवळ नाहीच.

निवड करताना प्रत्यक्ष कशाचा विचार करायचा, यावर पुस्तकाचा मोठा भाग खर्च झाला आहे आणि ते योग्यच आहे. वेळेचंच पाहा. गॉशियाचा उजेड क्षणात चढतो आणि लगेच उतरतो. ९६ वेलच्या प्लेटमध्ये सबस्ट्रेट एकदम घातला आणि वाचक यंत्रानं प्रत्येक वेलला एक सेकंद दिला, तर शेवटची वेल दीड मिनिटानं वाचली जाते. तोवर तिच्यातला उजेड ओसरलेला असतो आणि प्लेटवर डावीकडून उजवीकडे उतरणारा खोटा उतार दिसतो. तिथे इंजेक्टर हवा, किंवा टिकाऊ उजेड देणारं मिश्रण हवं. वजनाचंही तसंच. डी-ल्युसिफेरिन आम्लरूपात पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून सोडियम किंवा पोटॅशियमचा क्षार वापरतात. आम्लाचा रेणुभार सुमारे २८०, पोटॅशियम क्षाराचा ३१८. तेवढेच मिलिग्रॅम तोलले तर क्षारात रेणू १२ टक्के कमी येतात, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत. शुद्धताही पाहावी लागते : साठवणीत तयार होणारा डीहायड्रोल्युसिफेरिन एन्झाइमला अडवतो.

शुद्ध एन्झाइमला काही दशक मायक्रोमोलर ल्युसिफेरिन पुरतो. जिवंत पेशींना मात्र प्रति मिलिलिटर १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिमोलर, घालण्याची रीत आहे, कारण विद्युतभार असलेल्या या रेणूला पेशीचं आवरण ओलांडणं जड जातं. उंदराला देतात ती किलोमागे १५० मिलिग्रॅमची मात्राही एन्झाइम तृप्त करणारी नाही. म्हणून इंजेक्शननंतर नेमक्या किती मिनिटांनी छायाचित्र घेतलं याला इतकं महत्त्व येतं. त्यातच डी-ल्युसिफेरिनला एबीसीजी२ हा पंप बाहेर काढतो आणि सिलेंटराझीनला पी-ग्लायकोप्रोटीन. कर्करोगावरच्या औषधांच्या अभ्यासात हे दोन्ही पंप हमखास भेटतात. औषधानं पंप बंद पडला तर आत साचलेल्या सबस्ट्रेटमुळे उजेड वाढतो, आणि संशोधक जनुक चेतवल्याचा निष्कर्ष काढून बसतो.

एन्झाइमही असाच चकवा देऊ शकतं. २००७ मध्ये पीटीसी१२४ या रेणूबद्दल मोठी आशा निर्माण झाली : सदोष जनुकातला अवेळी आलेला थांबा ओलांडून पूर्ण प्रथिन बनवण्याची त्याची क्षमता काजव्याच्या ल्युसिफरेजवर आधारित चाचणीत दिसली होती. २००९ आणि २०१० मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की हा रेणू थेट ल्युसिफरेजला चिकटून त्याला टिकाऊ बनवतो. टिकाऊ एन्झाइम पेशीत साचतं आणि उजेड वाढतो. रेनिलाचं ल्युसिफरेज घेतलं तर तो परिणाम दिसत नव्हता. त्या औषधाच्या गुणाबद्दलचा वाद पुढेही चालू राहिला आणि त्यात इथे शिरण्याचं कारण नाही. पण दुसऱ्या घराण्याच्या जोडीवर तोच प्रयोग करून पाहण्याची सवय किती मोलाची आहे, ते या प्रकरणानं कायमचं दाखवून दिलं.

आज हा विषय निकडीचा का? कोविडच्या काळात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मोजण्यासाठी जगभर ल्युसिफरेज वाहणारे छद्मविषाणू वापरले गेले; खरा विषाणू न हाताळता काम झालं. क्षयरोगाच्या जंतूवर औषध चालतं का हे लवकर कळावं म्हणून ल्युसिफरेजचं जनुक वाहणारे फाज (जिवाणूंना ग्रासणारे विषाणू) १९९३ मध्ये पुढे आले, आणि चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रातही त्यांवर काम झालं. सबस्ट्रेट स्वतःच संवेदक बनवण्याची कल्पना तर आता रुळली आहे : ल्युसिफेरिनला चार अमिनो आम्लांची शेपटी जोडली की तो अंधारा राहतो, आणि पेशी मरणपंथाला लागल्यावर कॅस्पेज हे एन्झाइम ती शेपटी कापतं तेव्हाच उजळतो. अशा वेळी जनुकाची रचना दुय्यम होते आणि रेणूची रचना मुख्य. शिवाय आपल्याकडच्या प्रयोगशाळांना हे रेणू बहुधा बाहेरून मागवावे लागतात. ते कोरड्या बर्फात येतात आणि उन्हाळ्यात वाटेत अडकले तर बाटली पोचते, रेणू पोचत नाही. अशा परिस्थितीत 'सर्वांत तेजस्वी कोणता' यापेक्षा 'माझ्या हातात टिकेल आणि माझ्या प्रश्नाला पुरेल असा कोणता' हे विचारणं शहाणपणाचं आहे, आणि पुस्तक तेच विचारायला शिकवतं.

लेखकांनी मांडणी रेणूंच्या यादीनुसार न करता प्रश्नांनुसार केली आहे : पेशी जगल्या का, जनुक चाललं का, प्रथिनं भेटली का, जिवंत प्राण्यात गाठ कुठवर पसरली. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पर्याय समोर ठेवून त्यांतला एक का घेतला आणि दुसरा का सोडला हे सांगितलं आहे. ल्युसिफरेज नसलेल्या पेशींत सबस्ट्रेट घातल्यावर आणि नुसत्या माध्यमात घातल्यावर येणारे आकडे प्रत्येक उदाहरणासोबत दिले आहेत. हे मला पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ वाटतं, कारण शोधनिबंधांत हेच आकडे बहुधा गाळलेले असतात. ल्युमिनॉल आणि पेरॉक्सिडेज, किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज आणि डायऑक्सेटेन यांची रसायनदीप्ती मुद्दाम बाहेर ठेवली आहे. वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्यांना ती जवळची वाटेल, पण तिथल्या अडचणी वेगळ्या आणि ते एका वेगळ्या पुस्तकाचं काम आहे.

एका बाबतीत माझं मत लेखकांहून थोडं वेगळं आहे. नव्या प्रयोगशाळेनं थेट फ्युरिमाझीनपासून सुरुवात करावी, असा त्यांचा कल दिसतो. त्याच्या तेजामुळे कमी पेशींत काम होतं हे खरं. पण इतक्या उजेडात चुकाही झाकल्या जातात : शेजारच्या वेलमध्ये सांडणारा प्रकाश, पिपेटला चिकटलेलं एन्झाइम, यंत्राची मोजण्याची कमाल मर्यादा. डी-ल्युसिफेरिनच्या अटी जास्त आहेत, म्हणूनच तो विद्यार्थ्याला एटीपी, ऑक्सिजन, तापमान आणि वेळ यांकडे पाहायला लावतो. सहा महिने त्याच्याबरोबर काढून मग पुढे जावं असं मी सुचवेन.

वाचनाच्या क्रमाबद्दल एक सूचना. ज्यांच्या वाचक यंत्राला इंजेक्टर नाही, त्यांनी उजेडाच्या चढ-उतारांचा वेळेनुसार विचार करणारा भाग आधी वाचावा, कारण त्यांच्यापुरते अर्धे पर्याय तिथेच गळून पडतात. प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी पंपांबद्दलचा भाग वाचल्याशिवाय मात्रा ठरवू नये. आणि ज्यांच्या फ्रीझरमध्ये कधीची उघडलेली बाटली आहे, त्यांनी साठवणीची पानं वाचून, ताज्या बाटलीशी तिची तुलना करूनच पुढचा प्रयोग लावावा.